नवी संगणक-प्रणाली आणि नवखे हात

रुग्णालयातील संगणक-प्रणाली नव्या रूपात आली की पहिल्या दिवशी सारेच नवखे होतात. कालपर्यंत क्षणात केसपेपर काढून देणारी स्वागतकक्षातील भगिनी आज योग्य बटण शोधत असते आणि बाहेर रांग वाढत जाते. ‘एवढे साधे जमत नाही?’ असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः तिचे ज्ञान कोठेही गेलेले नसते. हाताची सवय तेवढी निरुपयोगी झालेली असते. ती पुन्हा लागेपर्यंत धीर देणे हे आपले काम आहे.

कोविडच्या काळात हा अनुभव आपण सर्वांनी घेतला. नाव नोंदवूनही लस घेण्यास न गेलेल्या काही नागरिकांना ‘लस दिली’ असा संदेश जाऊ लागला. नोंद करतानाची ही चूक टाळण्यासाठी ८ मे २०२१ पासून ‘कोविन’वर चार अंकी सुरक्षा संकेतांक आला. बदल योग्यच होता. परंतु तो अंक का विचारायचा, हे टेबलावरील कर्मचाऱ्याला आणि समोरच्या आजोबांना, दोघांनाही समजणे आवश्यक होते. जून २०२१ मध्ये ‘कोविन’ मराठी व कन्नडसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. बदलाचे कारण सांगावे आणि ते ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगावे, हा पहिला धडा.

दुसरा धडा पूर्वतयारीचा. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील बाल-रुग्णालयात ऑक्टोबर २००२ मध्ये अवघ्या सहा दिवसांत सर्वत्र संगणकावरून औषधोपचारांचे आदेश देणे सुरू झाले. रुग्ण प्रत्यक्ष पोहोचून त्याची नोंदणी पूर्ण होईपर्यंत आदेश देताच येत नसत. अन्य रुग्णालयांतून आणलेल्या बालकांमधील मृत्युप्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सिएटलच्या बाल-रुग्णालयाने तीच प्रणाली घेतली. मात्र अतिदक्षता विभागातील मंडळींना आखणीपासून सहभागी केले आणि नेहमीच्या आदेशांचे संच आधीच तयार ठेवले. तेथे मृत्युप्रमाण वाढले नाही. दोन्हीकडील रुग्ण भिन्न असल्याने सारा दोष वा सारे श्रेय एकाच कारणाला देता येणार नाही. तरीही एकच प्रणाली कशी आणली जाते याला महत्त्व आहे, हे नाकारता येत नाही.

हुबळी-धारवाडच्या लहान रुग्णालयांनाही यातून काही गोष्टी सहज करता येतील. प्रत्येक बटणाची ओळख करून देत बसू नये. नोंदणी, औषधे, तपासण्या, बिल, डिस्चार्ज अशी रोजची कामे काल्पनिक रुग्णाच्या नावाने करवून घ्यावीत. मुख्य पायऱ्यांचा कागद कन्नड व मराठीत संगणकाजवळ लावावा. प्रत्येक पाळीत, विशेषतः रात्रपाळीत, आधी शिकलेली एक तरी व्यक्ती असावी. अडचणी लिहिण्यासाठी वही ठेवावी आणि ती रोज वाचावी. तातडीच्या रुग्णासाठी कागद-पेन हाताशी असावे. आधी उपचार, मग संगणकातील नोंद.

आणखी एक गोष्ट. वरिष्ठ डॉक्टरांनी सर्वांसमोर संगणकापुढे बसून ‘मलाही हे दाखवा’ असे म्हणावे. मग विचारण्याचा संकोच कोणालाही उरत नाही. न विचारता अंदाजाने दाबलेले बटण चुकले, तर त्याची किंमत शेवटी रुग्णालाच मोजावी लागते.