तुरीत सोंडे झाले की भुंगेरा? दाण्यावरचा पांढरा ठिपका बघा

तूर, हरभरा, मूग, चवळी, कशालाही कीड लागली की 'सोंडे झाले' असं सरसकट म्हटलं जातं. पण ज्वारी-तांदळातला सोंडकिडा वेगळा आणि कडधान्यातला भुंगेरा वेगळा. हा फरक कळला तर पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं वेळेत वाचवता येतं.

किडा कसा ओळखायचा?
किडा पांढऱ्या ताटलीत घ्या. सोंडकिड्याला तोंडापुढे लांब सोंड असते, भुंगेऱ्याला नसते. भुंगेरा साधारण ३ ते ४ मिलिमीटरचा, तपकिरी, आखूड अंगाचा असतो. त्याचे पंख तोकडे असतात, त्यामुळे शेपटीकडचा भाग उघडा दिसतो.

शास्त्रज्ञ या भुंगेऱ्यांच्या प्रजातीला 'कॅलोसोब्रुकस' म्हणतात. पूर्वी यांचं कुळ वेगळं धरलं जायचं, आता ते पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या मोठ्या कुळात मोडतात. आपल्याकडे यातल्या दोन जाती जास्त आढळतात. 'चायनेन्सिस' जातीच्या नराच्या मिशा फणीसारख्या, तर 'मॅक्युलेटस'च्या करवतीसारख्या असतात. हे बघायला भिंग लागतं. उपाय मात्र दोन्हींवर सारखेच.

खरी खूण अंड्याची
सोंडकिडा दाणा पोखरून आत अंडं लपवतो. भुंगेऱ्याची मादी दाण्यावरच अंडं चिकटवते. टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला, की समजा भुंगेरा आला. अंड्याखालूनच अळी दाण्यात शिरते, आतला गर खाते आणि उबदार हवेत महिनाभरात गोल भोकातून भुंगेरा बाहेर पडतो. नुकसान अळी करते, भुंगेरा दाणे खात नाही. म्हणून नुसते किडे चाळून काढले तरी कीड संपत नाही. भोकं पडलेलं बियाणं नीट उगवत नाही.

काय करावं?
• तुरीसारख्या पिकात शेतातच शेंगांवर अंडी पडतात. त्यामुळे माल घरी आला की कडक उन्हात वाळवा.
• जुना आणि नवा माल एकत्र ठेवू नका. रिकामी कोठी, पोती आधी साफ करा.
• वाळलेले दाणे गार झाल्यावर हवाबंद डब्यात किंवा पिशवीत भरा.
• खाण्याच्या तुरीची लवकर डाळ करून घ्या. डाळीला हा किडा कमी लागतो.
• दर पंधरा दिवसांनी मूठभर दाणे उजेडात तपासा.

सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात कधीच वापरू नका. त्यातून निघणारा वायू माणसाचाही जीव घेतो.