आधी मोजा, मग खटका दाबा!

गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा तेथील तलावासाठी प्रसिद्ध आहे. गेल्या उन्हाळ्यात तेथील एका निवृत्त गुरुजींनी माझ्यापुढे एक काळी पेटी ठेवली. "सर, हा पुन्हा चालेल का? मुलांसाठी लिहिलेला लोलकाचा धडा या कॅसेटवर आहे. दुसरी प्रत नाही."

ती पेटी म्हणजे 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा घरगुती संगणक! मूळचा स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये १९८२ साली आला. त्याची 'प्लस' आवृत्ती परवान्याने भारतातही विकली गेली. त्याची स्मृती अवघी ४८ किलोबाइट. पडदा म्हणून टीव्ही आणि कार्यक्रम साठवायला साधा टेपरेकॉर्डर!

तुम्ही म्हणाल, लावा अडॅप्टर आणि दाबा खटका. पण थांबा! आजच्या बहुतेक अडॅप्टरांत मधले टोक धन असते. येथे ते ऋण लागते. दुसरा धोका याहून मोठा. या संगणकातील आठ स्मृती-चिपांना +५, +१२ आणि −५ असे तीन विद्युतदाब लागतात. अडॅप्टर देतो फक्त ९ व्होल्ट. त्यापासून +१२ व −५ व्होल्ट तयार करण्यासाठी एक ट्रान्झिस्टर व तारेचे वेटोळे असते. ट्रान्झिस्टर वेटोळ्यातील प्रवाह अतिशय वेगाने चालू-बंद करतो. −५ व्होल्ट नसताना संगणक चालू ठेवला, तर चिपा कायमच्या निकामी होऊ शकतात.

म्हणून वीज न देताच मल्टिमीटरने तपासणी केली. ट्रान्झिस्टरच्या एका जोडातून प्रवाह दोन्ही दिशांनी जात होता. म्हणजे तो जळालेला! तो बदलला. जुन्या धारित्रांतील द्रव वाळलेला असतो, म्हणून तीही बदलली. तलावाकाठच्या दमट हवेने गंजलेली टोके स्पिरिटने पुसली. मग वीज दिली. तिन्ही दाब बरोबर आले. पडद्यावर मात्र समान अंतराने उभ्या रेघा!

असे का व्हावे? एका बाइटमध्ये आठ बिट असतात आणि प्रत्येक चिप त्यांतील एकच बिट सांभाळते. एक चिप बिघडली की प्रत्येक बाइटमधील तेच स्थान चुकते. म्हणून दोष दर आठ ठिपक्यांनी उमटतो. बोट लावून पाहता एक चिप फार तापलेली आढळली. ती बदलताच सिंक्लेअर कंपनीचे नाव व १९८२ हे साल पडद्यावर झळकले.

आता कॅसेट. फीत वाजविताना तुटली तर? म्हणून टेपरेकॉर्डरचे हेड आधी स्वच्छ केले आणि पहिल्याच वेळी आवाज मोबाइलवरही नोंदवून घेतला. त्या किरकिरीत शून्यासाठी सुमारे २,००० आणि एकासाठी सुमारे १,००० हर्ट्झची कंपने असतात. म्हणजे गुरुजींचा धडा ध्वनीच्या रूपात जपलेला होता!

तीन प्रयत्न फसले. चौथ्या वेळी आवाज थोडा वाढविला आणि पडद्यावर लोलक झुलू लागला. गुरुजी काही वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "लांबी बदलून पाहा. आवर्तकाल बरोबर येतो का?" आम्ही पाहिले. बरोबर आला!

मित्रहो, जुनी वस्तू हाती आली तर घाई करू नका. घरच्या विजेवर चालणारी उपकरणे एकट्याने उघडू नका. शिक्षकांना सोबत घ्या. आणि आधी मोजा, मग खटका दाबा.