सागरी ससा

आपला धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या डोंगराळ प्रदेशांत वसलेला; येथें समुद्राची गाज कोणास ऐकूं येणार! तथापि सन २०२२ च्या खरिपांत शंखी गोगलगाईंनीं सोयाबीनचीं कोंवळीं रोपें कुरतडून शेतकऱ्यांस कसें हवालदिल केलें, हें बहुतेक वाचकांच्या स्मरणांत असेल. त्याच गोगलगाईचा एक भाऊबंद समुद्रकिनाऱ्यालगत राहतो. त्याचें नांव सागरी ससा.

नांवावरून त्यास चार पाय व मऊ लव असेल अशी कोणाची समजूत होईल, पण ती खरी नव्हे. हा मृदुकाय प्राणी आहे. त्याच्या मस्तकावर दोन उभे स्पर्शक असतात. ते सशाच्या कानांसारखे दिसतात, म्हणून हें नांव पडलें. त्यांच्या योगें तो पाण्यांतील वास ओळखतो. गोगलगाय आपला शंख पाठीवर मिरविते. याचा शंख मात्र बहुधा पातळ पापुद्र्यासारखा होऊन अंगांतच दडलेला असतो.

ज्याचें अन्न जेथें, त्याचें घर तेथें. सागरी सशाचें मुख्य अन्न समुद्रशेवाळ. शेवाळास सूर्यप्रकाश हवा, व तो खोल पाण्यांत पोंचत नाहीं. म्हणून हा प्राणी उथळ पाण्यांत, लाटांचा मारा कमी असलेल्या जागीं, आणि ओहोटीनंतर खडकांत सांचणाऱ्या डबक्यांत आढळतो. त्याचें आयुष्य सुमारें एक वर्षाचें. प्रत्येक प्राणी नर व मादी दोन्ही असतो, आणि शेवयांच्या गुंत्यासारख्या लांब दोऱ्यांत असंख्य अंडीं घालतो.

मग शंखावांचून याचें रक्षण कसें होतें? शत्रूनें गांठलें असतां अनेक जातींचे ससे जांभळा रंग सोडतात. हा रंग त्यांस तांबड्या शेवाळापासून मिळतो. त्याबरोबर एक चिकट द्रव्यही बाहेर पडतें. शेवंडासारखा शत्रू त्यासच अन्न समजून फसतो, आणि ससा निसटतो!

या मंदगति जीवानें मनुष्यास एक मोठा धडा दिला आहे. त्याच्या शरीरांत मज्जापेशी सुमारें वीस हजारच, पण कांहीं इतक्या मोठ्या कीं नुसत्या डोळ्यांनीं दिसाव्या. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनीं त्यांवरून स्मरणशक्तीचा शोध घेतला. सशाच्या शेपटीस विजेचा सौम्य धक्का दिला, तर पुढें नुसता स्पर्श होतांच तो आपला कल्ला अधिक जोरानें आंत ओढून घेई. एकदां दिलेला धक्का तो लवकर विसरे. परंतु अंतर ठेवून पुनःपुन्हां दिलेल्या धक्क्यांची आठवण आठवडेच्या आठवडे राही, व त्या वेळीं मज्जापेशींमध्यें नवे सांधे वाढलेले दिसत. या कार्याबद्दल कँडेल यांस सन २००० सालीं इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेच्या आदल्या रात्रीं केलेली घोकंपट्टी कां टिकत नाहीं, आणि रोज थोडें थोडें केलेलें अध्ययन कां टिकतें, याचें इंगित यांत आहे. आईबापांनींही मुलांस एका दिवसांत पंडित करण्याची घाई करूं नये.

कधीं कोंकणांत जाण्याचा योग आला, तर ओहोटीच्या वेळीं वडील मंडळींसह खडकांतील डबकीं अवश्य पाहावीं. उचललेला दगड होता तसाच हळूच ठेवावा. कारण त्याखालीं कोणाचें तरी घर असतें. सृष्टिकर्त्यानें क्षुद्र म्हणून कांहींच निर्माण केलेलें नाहीं.