घरची गाडी विकतांना

घरांतली एखादी वस्तु मोडकळीस आली म्हणजे ती टाकून देण्यास मन फारसें कचरत नाहीं. परंतु जी पन्नास वर्षें वापरूनहि धडधाकट राहिली, ती परक्याच्या स्वाधीन करणें मोठें अवघड जातें. वैजापूरच्या आमच्या वाड्यांतली अँबॅसडर एस्टेट मोटार विकण्याचा प्रसंग गेल्या हिवाळ्यांत आला, तेव्हां घरांतील लहानथोरांस याचा अनुभव आला. ज्यांच्या दारीं अशी जुनी गाडी असेल त्यांस थोडा उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूनें ही हकीकत लिहीत आहें.

एस्टेट म्हणजे छप्पर थेट मागपर्यंत नेलेली व पाठीमागें दार असलेली मोटार. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्स कंपनीनें बंगालमधील उत्तरपाडा येथें अँबॅसडर काढली. २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. आमच्या आजोबांनीं १९७४ सालीं घेतलेल्या या गाडींतून रोटेगांव स्टेशनावरून पाहुणे आले, माहेरवाशिणी आल्या, आणि पोरांसह अकरा माणसें वेरूळास घृष्णेश्वराच्या दर्शनास जाऊन आलीं. आमच्याकडील काळी माती चाकांच्या वरच्या पोकळींत बसली कीं ओल धरते व पत्रा आंतून खाते. म्हणून पावसाळ्यापूर्वीं व नंतर गाडीचें पोट धुऊन तेल लावण्याचा आजोबांचा नेम असे. तो पुढेंहि चालला, त्यामुळें पत्रा आज शाबूत आहे.

तीर्थरूपांनीं मात्र २००३ सालीं गाडींत बरेच फेरफार केले. मूळचें १४८९ सी. सी. चें इंजिन घाटांत दमूं लागलें होतें. त्याच्या जागीं १९९२ नंतरच्या अँबॅसडरमध्यें येणारें इसुझूचें १८१७ सी. सी. चें इंजिन बसविलें. सुकाणूच्या दांड्यावरील चार गतींचा गिअर जाऊन पायाशीं पांच गतींचा आला. पुढच्या चाकांस डिस्क ब्रेक आले व डायनामोऐवजीं आल्टरनेटर बसला. जुनें इंजिन गोठ्यांत सागवानी घोड्यावर ठेवून दिलें. नव्या इंजिनास नोंदणी-अधिकाऱ्याची संमति घेऊन त्याचा क्रमांक नोंदणीपुस्तकांत चढविला. असें न केल्यास पुढें विमा व विक्री या दोहोंतहि अडचण येते.

जाहिरात दिल्यावर पुण्याचे एक गृहस्थ आले. रंग, पत्रा, गाद्या पाहून खुष झाले आणि आमच्या अपेक्षेहून अधिक किंमत बोलले. त्यांस गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करावयाची होती. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटलेली, मूळ स्वरूपांत राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच विंटेज ठरते. वयाची अट पुरी होत होती. इंजिनाची होत नव्हती.

थोरले बंधु मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांनीं इंजिनाचें विचारलें नाहीं. आपण होऊन कशाला सांगायचें? पुस्तकांत नोंद आहे, पाहतील तेव्हां पाहतील."

काकू ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. त्यांच्या कानीं तें गेलें. त्या एवढेंच म्हणाल्या, "पत्रिकेंतला मंगळ लग्नानंतर दाखवायचा का रे?"

दादा कांहीं बोलले नाहींत. ते स्वतःच उठले, पाहुण्यांस गोठ्यांत घेऊन गेले व जुनें इंजिन दाखविलें. गृहस्थ चहा घेऊन, आभार मानून निघून गेले. त्या रात्रीं जेवणाच्या पंगतींत कोणी फारसें बोललें नाहीं. रक्कम लहान नव्हती.

तीन आठवड्यांनीं येवल्याकडील एक शिक्षक आले. त्यांस गाडी मुलाबाळांसह हिंडण्यास हवी होती. विंटेज नोंदणी झालेली गाडी नित्याच्या वापरास रस्त्यावर आणतां येत नाहीं. तेव्हां पुण्याच्या गृहस्थांस जो दोष वाटला, तोच यांच्या दृष्टीनें गुण ठरला. मजबूत ब्रेक व सहज मिळणारे सुटे भाग यांचीच त्यांस किंमत होती. पैसे कमी आले, पण दोन्ही पक्षांस समाधान झालें. जुनें इंजिनहि आम्हीं त्यांसच दिलें.

विकणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें: हस्तांतराची सूचना त्याच राज्यांत चौदा दिवसांचे आंत नोंदणी-कचेरीस द्यावी, घेणाऱ्यास तीस दिवसांची मुदत आहे. एकोणतीस व तीस क्रमांकांचे नमुने भरावे लागतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, ती चालू आहे ना हें आधीं पाहावें. आणि बदललेल्या प्रत्येक भागाची यादी, बदलल्याच्या सालासह, घेणाऱ्याच्या हातीं द्यावी.

गाडी दारांतून निघाली तेव्हां काकूंनीं तिच्यावर दहीभात ओवाळून टाकला. दादा कोपऱ्यापर्यंत मागें चालत गेले. परत आल्यावर म्हणाले, "तिसरा गिअर जरा अडखळतो, तें सांगायचें राहिलें." आणि त्यांनीं लगेच येवल्यास फोन लावला.