तपासणीबरोबर सन्मानही हवा

गोदाकाठच्या पुणतांब्यात काय किंवा शहरातल्या वस्तीत काय, आपली गरोदर लेकसून तपासणीला जाते ती हातात कार्ड आणि मनात धास्ती घेऊन. नर्सबाई चारचौघांत खेकसल्या, की पुढच्या खेपेला तिचे पाय दवाखान्याकडे वळत नाहीत. मग रक्त कमी आहे, रक्तदाब वाढला आहे, हे कळायचे कसे?

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचेच हित आहे, असे त्यांनी बजावले. म्हणजे ही काळजी कुणाचा उपकार नव्हे, तो हक्क आहे. २०१९च्या 'सुमन' योजनेतही सरकारी दवाखान्यात किमान चार मोफत तपासण्या आणि सन्मानाची वागणूक यांचे आश्वासन आहे.

म्हणून नर्सताईंना आमची विनंती: तिला नावाने हाक मारा, पडदा ओढा, पोटाला हात लावण्याआधी विचारा, काय आढळले ते समजावून सांगा. आणि भगिनींनो, पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा, सोबत घरचे माणूस न्या, शंका विचारा. अपमान झाला तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा. पण तपासणी चुकवू नका.