ट्रायपॉड, पंचांग आणि तोरणमाळ

१९९७ च्या मार्च-एप्रिलात हेल-बॉप धूमकेतू रोज संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. धूमकेतू सगळ्यांनी पाहिला, फोटो मात्र फार थोड्यांना काढता आला. हवा तितका वेळ शटर उघडं ठेवण्याची सोय घरोघरच्या बटणाच्या कॅमेऱ्यांत नव्हती. ज्यांच्याकडे तसा कॅमेरा होता, ते ४०० एएसएचा रोल घालून पहिला फोटो मुद्दाम उजेडात काढत. नाहीतर काळ्या आभाळाची फ्रेम कुठे सुरू होते हे लॅबमध्ये कळत नसे आणि निगेटिव्ह कापताना कात्री नेमकी ताऱ्यांवरून फिरे.

डिजिटल एसएलआर २००३ नंतर हळूहळू आवाक्यात आले आणि रोलचा खर्च संपला. माझ्या मते खरी क्रांती एवढीच होती. फोटो बिघडला की लगेच दिसतो, पुसून दुसरा काढता येतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स पुरते. नव्याने सुरुवात करणारा अडतो तो फोकसपाशी. अंधारात ऑटोफोकस नुसता घरघरत राहतो. तो बंद करायचा, व्याध किंवा गुरू पडद्यावर दहापट मोठा करून पाहायचा आणि रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायची. फुगलेला ठिपका आक्रसत टाचणीच्या टोकाएवढा झाला की थांबायचं, रिंगवर चिकटपट्टी लावायची आणि रात्रभर तिला हात लावायचा नाही. मग अ‍ॅपर्चर ३.५, आयएसओ १६०० ते ३२००, आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. शटर किती वेळ उघडं ठेवायचं याचा ठोकताळा सोपा आहे: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं आणि सेन्सर लहान असेल तर आणखी दीडने. १८ मिलिमीटरला साधारण १८ सेकंद येतात. त्याहून जास्त ठेवलं की पृथ्वीचं फिरणं फोटोत उतरतं आणि ताऱ्यांच्या रेघा होतात.

त्या रेघाही हव्याशा वाटतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या, साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवरच्या तोरणमाळहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २२ अंशांवर दिसतो. यशवंत तलाव पुढ्यात घेऊन उत्तरेकडे तासभर एकामागून एक फोटो काढायचे आणि नंतर संगणकावर जोडायचे. प्रत्येक तारा १५ अंशांचा कंस काढतो. हिवाळ्यात तिथे लेन्सवर दव धरतं, तेव्हा अधूनमधून काच तपासावी लागते.

एवढ्या वर्षांत उपकरणं कितीतरी बदलली, पण सर्वांत उपयोगी पडलं ते भिंतीवरचं पंचांग. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाची यात्रा भरते. ती कृष्ण चतुर्दशीची रात्र, म्हणजे चंद्र जवळजवळ नाहीच. यात्रेच्या दिव्यांपासून थोडं लांब गेलं की पहाटे पाचच्या आधी आग्नेयेला वृश्चिकाच्या नांगीजवळ आकाशगंगेचा दाट पट्टा उगवलेला सापडतो. याउलट सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीची, म्हणजे पौर्णिमेची. २०२४ मध्ये दत्तजयंती १४ डिसेंबरला आली आणि जेमिनिड उल्कावर्षावाचा भरही त्याच सुमारास होता. चांदण्यात बहुतेक उल्का बुडाल्या. आदल्या वर्षी मात्र त्याच तारखेला अमावास्या नुकतीच उलटली होती.

पावसाने बरंच हिरावून नेलं. २०२० च्या जुलैमधला निओवाइज धूमकेतू आषाढ-श्रावणाच्या ढगांआड राहिला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला गुरू-शनी एक दशांश अंशावर आले आणि सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येला साध्या झूम लेन्सनेही ते दोन ठिपके वेगळे टिपता येत होते. २०२४ चा त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू दसऱ्याच्या सुमारास पश्चिमेला आला तोच वाढत्या चंद्राबरोबर. कोजागरी उलटल्यावर काळोख मिळाला, तोवर तो मंदावला होता.

दरम्यान २०१९ मध्ये गुगलच्या पिक्सेल ४ मध्ये १६ सेकंदांच्या पंधरा फोटोंचा एक फोटो करणारी सोय आली. आता कितीतरी स्वस्त फोनमध्येही शटर ३० सेकंद उघडं राहतं. फोन दगडांच्या आधाराने टेकवून धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातला कुणीही मुलगा-मुलगी आकाशगंगा टिपू शकते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. काळजी आहे ती उजेडाची. पांढरे एलईडी गावोगावी लागले; रस्त्याला दिवा हवाच, पण आभाळाकडे सांडणारा उजेड कुणाच्याच कामाचा नाही. वर झाकण असलेला, खालीच प्रकाश टाकणारा पिवळसर दिवा लावला तर दोन्ही साधतं. पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. तोरणमाळच्या पठारासाठीही कुणीतरी असा प्रस्ताव मांडावा, पर्यटनाची नवी बांधकामं उभी राहण्याआधी.

२०२६ मध्ये जेमिनिड्सचा भर चंपाषष्ठीच्या अलीकडे-पलीकडे येतो. पंचमी-षष्ठीचा चंद्र मध्यरात्रीआधीच मावळेल. बॅटरी पूर्ण भरून घ्या, एखादी जादा ठेवा. थंडीत ती लवकर उतरते. मिथुन रास रात्री दोनच्या सुमाराला डोक्यावर असेल.