शाळा सोडू नका, मार सोडा

मोबाईलमुळे दोन नवे शब्द आपल्या वस्तीपर्यंत पोचले आहेत. एक होमस्कूलिंग, म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणं. दुसरा जेंटल पॅरेंटिंग, म्हणजे मारझोड, शिव्या आणि धाक यांच्याशिवाय लेकरू वाढवणं. बाया हे व्हिडिओ पाहतात आणि विचारतात, "ताई, शाळेचं नाव काढलं की लेकरू रडतंय, पोट दुखतंय म्हणतंय. मग घरीच शिकवलं तर?" प्रश्न रास्त आहे. आरोग्याच्या पानावर तो घेतेय, कारण ती पोटदुखी खरी असते.

सोमवारी सकाळी दुखणारं आणि रविवारी न दुखणारं पोट म्हणजे ढोंग नव्हे. भीती वाटली की शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात, काळीज धडधडतं, आतड्यांची हालचाल बदलते. मळमळ होते, कळ येते, लघवीला सारखं जावंसं वाटतं. त्या वेळी मेंदूचं सगळं लक्ष धोक्याकडे असतं, त्यामुळे रात्री पाठ असलेला पाढा सकाळी आठवत नाही. पाढा चुकला म्हणून मारलं की पुढचा पाढा चुकण्याचीच सोय होते. आणि कानशिलात तर कुणीच मारू नये. एका जोरदार चापटीने कानाचा पडदा फाटू शकतो. मारानंतर कान दुखत असेल, कानातून रक्त किंवा पाणी येत असेल, कमी ऐकू येत असेल, तर कानात तेल घालू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता घरी शिकवण्याचं बघू. मुंबईच्या मालविका राज जोशी या मुलीची बातमी 2016 साली सगळीकडे आली होती. सातवीत असताना तिच्या आईने तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवलं. पोरगी संगणकाच्या प्रोग्रामिंगमध्ये इतकी पुढे गेली की आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने पदकं मिळवली आणि अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतलं. कौतुकच आहे. पण या बातमीतली दुसरी बाजू वाचा. बारावीचा कागद नव्हता म्हणून आपल्या देशातल्या आयआयटीचं दार तिला बंद होतं. शिवाय तिची आई शिकलेली होती आणि नोकरी सोडून पूर्णवेळ मुलीच्या शिक्षणाला लागली. आपल्या वस्तीत रोजगार सोडून दोन दिवस घरी बसणारी आई मला दाखवा.

कागद ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही. शाळेच्या रजिस्टरात नाव असतं तेव्हा जातीचा दाखला निघतो, पुढे पडताळणी होते, शिष्यवृत्ती मिळते. त्याच शाळेत दुपारचं जेवण मिळतं. पहिली ते पाचवीच्या लेकराला त्यातून रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, सहावी ते आठवीच्या लेकराला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम, असा नियम आहे. लोहाची गोळी, जंताची गोळी आणि डॉक्टरांची तपासणीही शाळेतच होते. शाळा सोडली की नुसता अभ्यास जात नाही, हे सगळं जातं. आणि मुलगी घरी राहिली की आपल्याकडे ती काय शिकते? धाकट्याला सांभाळणं, भाकरी, धुणं, आणि मग सोळाव्या वर्षी पाहुणे बघायला येतात.

आपल्या आज्या-पणज्यांना "घरीच" ठेवलं होतं, तेही शेकडो वर्षं. 1848 साली भिडेवाड्यात क्रांतिबा आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली, 1882 साली हंटर कमिशनपुढे क्रांतिबांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, ते या घरी ठेवण्याच्याच विरोधात. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसून शिक्षण घेतलं. शिपायाने वरून पाणी ओतलं तरच तहान भागायची. शाळा इतकी अपमान करणारी होती, तरी ना त्यांनी सोडली, ना रामजीबाबांनी सोडू दिली. 1941च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला आले, तेव्हा त्यांचा मुक्कामही गावच्या शाळेतच होता.

पण त्याच घराची दुसरी गोष्टही ध्यानात घ्या. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली, माणसं दाटीवाटीने. रामजीबाबा भिवाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला अभ्यासाला उठवायचे. पुस्तकासाठी लग्न झालेल्या लेकींकडे उसने पैसे मागायला त्यांना लाज वाटली नाही. रामजीबाबा शिस्तीचे कडक होते, त्यांना आजच्या भाषेत जेंटल कुणी म्हणणार नाही. पण लेकराच्या अभ्यासासाठी बाप जागा राहतो, हे त्या भिवाने पाहिलं होतं. शाळा आणि घर अशी निवड त्या घरात कधी झालीच नाही. दिवसा शाळा, रात्री घरची शाळा.

लेकरू शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावं, हा मार्ग महाराष्ट्रानेच देशाला दाखवला. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे 1957 पासून ते कोसबाडला चाललं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. लेकरं येत नव्हती, कारण कुणी भावंडं सांभाळत होतं, कुणी गुरं राखत होतं. मग या बाया पाड्यावर गेल्या, लेकरांना आंघोळ घातली, गाणी म्हटली, पानाफुलांनी मोजायला शिकवलं. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावर भरवली ती कुरणशाळा. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय काढलं, तिथेही शिक्षा नाही. म्हणजे मार न देता शिकवणं हे मोबाईलमधून आलेलं फॅड नव्हे.

आपण बौद्ध आहोत, आपल्याला तर आणखी जवळचं उदाहरण आहे. राहुल लहान असताना तथागतांनी त्याला खोटं न बोलण्याचा धडा दिला तो पाण्याच्या भांड्याने. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडंसं पाणी उरवलं आणि विचारलं, हे किती थोडं आहे ते दिसतंय का? जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याचं चांगलेपण तेवढंच उरतं. मग ते पाणी ओतून दिलं, भांडं उपडं केलं, रिकामं दाखवलं. सगळा धडा एका भांड्यावर झाला. हात उगारला नाही की घालूनपाडून बोलले नाहीत. वंदनेला बसताना आपण पहिलं शील घेतो, आणि घरी येऊन त्याच हाताने लेकराला लाटणं फेकून मारतो. हे दोन्ही एकत्र कसं चालेल?

यात आयांना दोष देणं मला पटत नाही. पहाटे चारला उठायचं, पाणी भरायचं, डबे करायचे, दिवसभर दुसऱ्याच्या रानात वाकायचं आणि संध्याकाळी नवरा पिऊन आला तर त्याचंही ऐकायचं. हात कुठे सुटणार? सगळ्यात लहान असतो त्याच्यावर. म्हणून पहिलं काम बापांचं आहे. संध्याकाळी अर्धा तास लेकराजवळ बसा. वाचता येत नसेल तरी चालेल, "आज काय शिकवलं ते मला सांग" एवढंच म्हणा. सांगता सांगता त्याचा अभ्यास होतो. राग अनावर झालाच तर उंबऱ्याबाहेर या, आनापानाचे दहा श्वास घ्या, मग आत जा. "मूर्खा, सांडलंस ना" याऐवजी "फडकं आण, आपण पुसू" म्हणा. लाड करा असं मी म्हणत नाही. सांडलेलं त्यानेच पुसायचं, मोडलेलं त्यानेच सांगायचं. नियम राहील, मार राहणार नाही.

"ढ" म्हणून मार खाणारी कितीतरी लेकरं आजारी असतात. फळ्यावरचं चुकीचं उतरवतंय, तर आधी डोळे तपासा. हाक मारली तरी बघत नाही आणि कान वाहतोय, तर त्याला ऐकूच येत नसेल. वर्गात पेंगतंय आणि पापणीच्या आतली बाजू पांढुरकी दिसते, तर रक्त कमी आहे. पाच-सहा वर्षांपुढेही अंथरूण ओलं होत असेल तर जंत, लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा भीती यांपैकी काय आहे ते शोधायला हवं, मारून ते थांबत नाही, वाढतं. तोंडी सगळं सांगतं पण अक्षरं उलटीसुलटी लिहितं, त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. ते कधी येणार हे विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

शाळेतला मार मात्र घरच्या मायेने थांबत नाही. त्याला कायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. जातीवरून टोमणा मारणं, मागे बसवणं, संडास झाडायला आपलीच लेकरं पाठवणं, हा छळच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत, दुर्बल घटकांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजेत. आपल्या वस्तीतलं कोण आहे समितीत? नाव माहीत नसेल तर पुढच्या बैठकीला चार बाया मिळून जा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, ऐकलं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे. लेकरू फारच घाबरलेलं असेल तर 1098 हा चाइल्डलाइनचा फोन फुकट आहे.

ज्याची शाळा तुटलीच आहे, त्याचंही संपलेलं नाही. सहा ते चौदा वयाच्या लेकराला वयाप्रमाणे वर्गात घेणं आणि मागे पडलेलं शिकवून घेणं ही शाळेची जबाबदारी आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वय वाढलेल्यांना 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही देता येते.

भूम, परंडा, वाशी, कळंबकडच्या ज्या घरांनी यंदा ऊसतोडीची उचल घेतली आहे, त्यांनी लेकरांचं गाडी भरायच्या आधी ठरवावं. आजी-आजोबा गावात असतील तर हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडे दिवाळीआधीच करा. लेकरू सोबत न्यायचंच असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, लसीकरणाचं कार्ड त्यालाच जोडून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि फडावर कोप उभी राहिली की दुसऱ्या दिवशी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत ते दाखवा.